कोयता बंद : बीडच्या ऊसतोड कामगारांच्या संघटनेची वाटचाल

ऊसतोड कामगारांची संघटना महाराष्ट्रातल्या इतर कामगार संघटनांसारखी कारखान्याच्या दाराशी जन्मली नाही. ती जन्मली कारखान्यापासून दोनशे-तीनशे किलोमीटर दूर, बालाघाटच्या डोंगररांगेतल्या गावांत. परळी, धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार हे बीड जिल्ह्यातले तालुके आणि त्यांना लागून असलेले पाथर्डी, शेवगाव, जामखेड हा तिचा मूळ प्रदेश. इथली माणसे दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या आणि गुजरातच्या ऊसपट्ट्यात जातात आणि उन्हाळ्यात परततात. काम एका मुलखात आणि घर दुसऱ्या मुलखात, या एका गोष्टीने संघटनेचे स्वरूप, तिची हत्यारे, तिचे नेते आणि तिच्या मर्यादाही ठरवल्या.

ऊस एका मुलखात, हात दुसऱ्या मुलखात

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नीरा, प्रवरा आणि गोदावरी या नद्यांवर कालवे निघाले आणि दख्खनच्या कोरड्या पठारावर उसाचे पट्टे तयार झाले. आधी खासगी साखर कारखाने आले. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला. पुढच्या तीन दशकांत अहमदनगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत सहकारी कारखान्यांचे जाळे पसरले. ऊस लावणारा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला आणि साखरेच्या पैशातून शाळा, दवाखाने, दूध संघ, बँका उभ्या राहिल्या.

उसाची तोडणी मात्र त्या गावांतले लोक करीनात. काम अंग मोडणारे, हंगामी आणि रात्री-अपरात्रीचे. शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते आणि साखरेचा उताराही उतरतो. त्यामुळे कारखान्याची गव्हाण एकदा सुरू झाली की दिवसरात्र तिच्यात ऊस पडत राहावा लागतो. त्यासाठी हजारो माणसे हंगामभर हाताशी हवीत आणि हंगाम संपला की त्यांचा भार नको, अशी कारखान्यांची गरज होती.

ही गरज भागवणारा मुलूख बालाघाटात होता. पर्जन्यछायेतला प्रदेश, हलकी मुरमाड जमीन आणि एका पावसावर अवलंबून असलेली बाजरी-ज्वारी. 1972 च्या दुष्काळाने उरलासुरला आधार मोडला. त्या वर्षी दुष्काळी कामांवर खडी फोडून लोक जगले, आणि नंतर दर वर्षी कोयता घेऊन बाहेर पडणे हा अनेक गावांचा रिवाज झाला. वंजारी, बंजारा, दलित, धनगर, मराठा अशा सगळ्याच समाजांतले अल्पभूधारक आणि भूमिहीन त्यात ओढले गेले. माजलगाव धरणाच्या पाण्यावर पुढे बीड जिल्ह्यातही ऊस वाढला, कारखाने निघाले. तरी स्थलांतर थांबले नाही. राज्यातल्या ऊसतोड कामगारांची संख्या आठ ते दहा लाखांच्या घरात असल्याचा अंदाज सहसा सांगितला जातो आणि त्यात बीडचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो.

कोयता, मुकादम आणि उचल

या व्यवसायात मजूर एकेकटा मोजला जात नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. दहा-वीस कोयत्यांची एक टोळी असते आणि टोळीचा प्रमुख मुकादम. मुकादम बहुधा त्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा, अनेकदा नात्यागोत्यातला. कारखाना किंवा त्याचा वाहतूक कंत्राटदार मुकादमाशी करार करतो आणि पावसाळ्यातच त्याला आगाऊ रक्कम देतो. मुकादम ती कोयत्यांना वाटतो. हीच उचल. पेरणी, लग्न, आजारपण, जुनी देणी यांत ती घरीच खर्च होते आणि हंगामात तोडलेल्या उसाच्या मजुरीतून फेडली जाते. मुकादमाला मजुरीवर ठराविक टक्के कमिशन मिळते.

फडातला दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. बाई आधी उठून भाकऱ्या थापते, मग दोघे फडात जातात. पुरुष उसाच्या बुडाशी कोयता घालतो, शेंड्याचे वाढे छाटतो. बाई पाचट झाडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहनापर्यंत नेते. ट्रक किंवा ट्रॅक्टर भरायचा असेल तर उभ्या फळीवरून मोळी घेऊन चढावे लागते. बैलगाडीवाल्या जोडीला गाडी भरून कारखान्यावर न्यावी लागते आणि काट्यावर नंबर लागेपर्यंत तिथेच थांबावे लागते. वाढे जनावरांच्या चाऱ्यासाठी विकून रोजचा मीठ-मिरचीचा खर्च भागतो. मजुरी टनावर असते, दिवसावर नाही. वाहन रात्री आले तर रात्री भरावे लागते. फडाच्या कडेला किंवा कारखान्याच्या तळावर पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी हेच घर.

या रचनेत कारखान्याच्या हजेरीपटावर कामगाराचे नाव कुठेच येत नाही. करार मुकादमाशी, पैसे मुकादमाकडे, हिशेब मुकादमाच्या वहीत. अपघात झाला, बैल दगावला, साप चावला, तर कारखाना म्हणतो की माणूस आमचा नाही. कंत्राटी कामगारांसाठी 1970 चा, वेठबिगारीविरुद्ध 1976 चा आणि आंतरराज्य स्थलांतरितांसाठी 1979 चा कायदा झाला. पण मालक कोण हेच कागदावर सिद्ध होत नसल्याने यांपैकी कुठल्याच कायद्याचे संरक्षण फडापर्यंत पोचले नाही.

जमशेदपूरच्या पोलाद कामगारांशी तुलना केली की हा फरक ठळक होतो. टाटांच्या कारखान्यात 1912 साली आठ तासांचा दिवस आला. 1920 च्या संपातून तिथे कामगार संघटना उभी राहिली, 1928 मध्ये सुभाषचंद्र बोस तिचे अध्यक्ष झाले आणि पुढे टाटा वर्कर्स युनियन म्हणून तिला व्यवस्थापनाची मान्यता मिळाली. तिथे कामगार एका आवारात, एका भोंग्यावर, एका मालकासमोर उभे होते. ऊसतोड कामगार शेकडो फडांत विखुरलेले होते आणि त्यांच्यासमोर उभा होता तो त्यांच्याच गावचा मुकादम.

संपाचे हत्यार

तरीही या विखुरलेल्या माणसांच्या हातात एक ताकद होती. कारखान्याचा बॉयलर पेटला, गव्हाणीची पूजा झाली आणि ऊस आला नाही, तर रोजचे नुकसान लाखांत जाते. उभा ऊस वाळतो, सभासद शेतकरी अध्यक्षाच्या दारात येतो. म्हणजे फडात एकदा पोचलेला, उचल घेतलेला, अनोळखी मुलखात अडकलेला मजूर दुबळा. पण गावातून अजून निघालेलाच नाही असा मजूर प्रबळ. कोयता बंद आंदोलनाचे सारे शास्त्र या एका गोष्टीत आहे. संप करायचा तो हंगामाच्या तोंडावर आणि आपल्याच गावात बसून.

म्हणून या आंदोलनाच्या सभा कारखान्यांच्या दारात झाल्या नाहीत. त्या झाल्या तालुक्यांच्या बाजारतळांवर, यात्रांत आणि गडांवर. दरवाढ ठरल्याशिवाय कुणी गाडीत बसायचे नाही, असा निर्णय व्हायचा. कार्यकर्ते घाटांच्या रस्त्यांवर थांबायचे, मजुरांनी भरलेले ट्रक अडवायचे, चाकांतली हवा सोडायचे. फडात आधीच पोचलेल्या टोळ्यांना काम बंद ठेवण्याचे निरोप जायचे. शेजारच्या कर्नाटकातले कारखाने आधी सुरू झाले की संपाला भगदाड पडायचे, कारण उचल दिलेला मुकादम आपली टोळी रातोरात तिकडे न्यायला बघायचा.

संप फोडणारा मुकादम होता, तसा संप घडवणाराही तोच होता. टोळी त्याच्या शब्दावर निघे आणि त्याच्याच शब्दावर थांबे. गावोगावच्या मुकादमांना हाताशी धरल्याशिवाय कुठल्याही नेत्याला कोयता बंद करता आला नसता. म्हणूनच बीडकडच्या बहुतेक संघटनांच्या नावांत ऊसतोड कामगार, मुकादम आणि वाहतूकदार हे तिघेही एका ओळीत बसलेले दिसतात. कारखान्याशी भांडताना तिघांचे हित एक असते. कामगार आणि मुकादम यांच्यातल्या हिशेबाचा प्रश्न आला की ते एक राहत नाही. संघटनेच्या जडणघडणीतली ही गाठ पुढे कधीच सुटली नाही.

बबनराव ढाकणे

ऊसतोड कामगारांचा प्रश्न राजकारणाच्या मैदानात आणणाऱ्या पहिल्या मोठ्या नेत्यांत पाथर्डीचे बबनराव ढाकणे यांचे नाव घ्यावे लागते. पाथर्डी हा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला तालुका. त्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात साखरेची समृद्धी आणि दक्षिणेच्या पाथर्डीत दुष्काळ, असा विरोधाभास एकाच जिल्ह्यात नांदत होता. सहकाराच्या बालेकिल्ल्यात ढाकणे विरोधी राजकारण करत होते. शेतकऱ्याच्या घरातून आलेला, सत्तेच्या नाकावर टिच्चून बोलणारा, रस्त्यावर उतरणारा नेता अशी त्यांची ओळख होती.

1978 मध्ये जनता पक्षाच्या लाटेत ते विधानसभेवर निवडून आले. 1981-82 मध्ये ते विधानसभेतले विरोधी पक्षनेते होते. 1989 मध्ये जनता दलाच्या वतीने बीडमधून लोकसभेवर गेले आणि चंद्रशेखर यांच्या सरकारात केंद्रात राज्यमंत्री झाले. पाथर्डीच्या माणसाला बीडने लोकसभेत पाठवले यामागे पक्षाच्या लाटेइतकाच ऊसतोड कामगारांमधला त्यांचा वावर होता. जिल्ह्याची सीमा कागदावर होती; कोयत्याचा मुलूख दोन्हीकडे एकच होता.

ढाकणे यांच्या काळातल्या आंदोलनांनी दोन गोष्टी घडवल्या. एक म्हणजे तोडणीचा दर ही प्रत्येक मुकादमाने प्रत्येक कारखान्याशी स्वतंत्रपणे करायची घासाघीस न राहता राज्य पातळीवरच्या वाटाघाटीचा विषय झाला. समोर राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि इकडे संघटना, अशी मांडणी रुळली. दुसरी म्हणजे साखर कारखानदारीची बाजू मांडणाऱ्या नेत्यांना बालाघाटातल्या नेत्यांशी बोलणी करावी लागू लागली. 2023 मध्ये ढाकणे यांचे निधन झाले तेव्हा ऊसतोड कामगारांचा लढा हीच त्यांच्या कारकिर्दीची खूण म्हणून सांगितली गेली.

नाथ्र्याचे मुंडे

गोपीनाथ मुंडे यांचा जन्म 12 डिसेंबर 1949 रोजी परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावी एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. अंबाजोगाईला महाविद्यालयात असताना प्रमोद महाजन यांच्याशी त्यांची मैत्री जमली. विद्यार्थी परिषद, आणीबाणीतला तुरुंगवास, जिल्हा परिषद आणि 1980 मध्ये रेणापूर मतदारसंघातून विधानसभा, असा त्यांचा प्रवास झाला. परळीचा भाग तेव्हा रेणापूर मतदारसंघात मोडत असे. 1985 मध्ये ते हरले, 1990 मध्ये पुन्हा निवडून आले आणि पुढे विरोधी पक्षनेते झाले. 1995 ते 1999 या शिवसेना-भाजप युती सरकारच्या काळात ते उपमुख्यमंत्री होते.

शहरी आणि पांढरपेशा समजल्या जाणाऱ्या भारतीय जनता पक्षाचा नेता मराठवाड्याच्या खेड्यांत रुजला, त्यात ऊसतोड कामगारांचा प्रश्न हे मोठे कारण होते. मुंडे वंजारी समाजातून आलेले. कोयता घेऊन जाणाऱ्यांत या समाजाची संख्या मोठी. पण त्यांनी प्रश्न जातीपुरता ठेवला नाही. मागास भागातला कष्टकरी विरुद्ध पश्चिम महाराष्ट्रातली साखरेची सत्ता अशी त्याची मांडणी केली. काँग्रेसच्या सहकारी साम्राज्याशी असलेले त्यांचे राजकीय वैर आणि तोडणीदराचा लढा एकमेकांना पूरक ठरले.

पाथर्डी तालुक्यातला भगवानगड या राजकारणाचे मोठे व्यासपीठ झाला. संत भगवानबाबांनी (1896–1965) स्थापलेल्या या गडावर दसऱ्याला बालाघाटातून लोक जमत. दसरा हा सण आणि हंगामाचे तोंडही. बिऱ्हाड बांधण्याआधी लोक गडावर येत आणि त्याच गर्दीसमोर मुंडे बोलत. गिरणी कामगारांच्या सभेला कामगार मैदान होते, तशी ऊसतोडवाल्यांना ही जागा मिळाली.

1990 च्या दशकापासून तोडणीदराच्या वाटाघाटींत कामगारांच्या बाजूने मुंडे यांचा शब्द अखेरचा मानला जाऊ लागला. साखर संघाच्या बाजूने शरद पवार यांचे वजन असे. काही वर्षांसाठी करार व्हायचा, मुदत संपली की नवा दर मागायचा, हंगाम तोंडावर आला की कोयता बंदची हाक द्यायची आणि शेवटी दोन मोठ्या नेत्यांत तोडगा निघायचा, अशी रीत पडली. या रीतीला लवाद म्हणत. तिचा फायदा उघड होता: एका बैठकीत लाखो लोकांची मजुरी वाढायची. तोटाही त्यातच होता. दर कसा ठरला, कोणत्या हिशेबाने ठरला, याचा निर्णय ज्यांच्या मजुरीचा प्रश्न होता त्यांच्या हाती नव्हता. संघटनेला निवडणूक, वर्गणी, शाखा, सभासद यादी यांची गरज भासली नाही. नेत्याचा शब्द पुरेसा होता.

पुढे मुंडे यांनी परळीजवळ पांगरी येथे वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना उभारला. परळीच्या माणसाला साखरेच्या अर्थकारणात हिस्सा मिळाला हा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ असा की कामगारांचा नेता आता कारखानदारही होता. बीडमध्ये हे अपवादाने घडले नाही. जिल्ह्यातल्या अनेक नेत्यांना कारखाना हवा होता, कारण साखरेशिवाय ग्रामीण राजकारण चालत नाही हे पश्चिम महाराष्ट्राने दाखवून दिले होते.

2009 मध्ये मुंडे बीडमधून लोकसभेवर गेले, 2014 मध्ये पुन्हा निवडून आले आणि 26 मे रोजी केंद्रात ग्रामविकासमंत्री झाले. आठवडाभरात, 3 जून 2014 रोजी, दिल्लीत रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

लाल बावटा आणि वेगळी मागणी

बीडच्या राजकीय संघटनांबरोबर दुसरा एक प्रवाहही या क्षेत्रात होता. सिटू या डाव्या कामगार महासंघाशी संलग्न ऊसतोडणी व वाहतूक कामगार संघटनेने डॉ. डी. एल. कराड, प्रा. सुभाष जाधव यांच्या नेतृत्वाखाली दरवाढीच्या पुढचा प्रश्न विचारला. ऊस तोडणारा हा कामगार आहे की नाही? असेल तर त्याला ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधी, विमा, प्रसूतीची रजा आणि किमान वेतन का नाही?

या मागणीला महाराष्ट्रातच एक आदर्श होता. मुंबईच्या बाजारांतले हमाल असेच टोळीने, मुकादमाच्या हाताखाली, कायमस्वरूपी मालकाशिवाय काम करत. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. व्यापारी हमालीबरोबर लेव्ही मंडळात भरू लागला, मंडळ हमालांची नोंदणी करून मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि बोनस देऊ लागले. मालक एक नसला तरी कामगाराचे हक्क उभे करता येतात हे त्या कायद्याने सिद्ध केले. ऊसतोड कामगारांसाठी तसेच मंडळ हवे, ही मागणी पुढे सगळ्याच संघटनांच्या निवेदनांत आली.

डाव्या संघटनेची ताकद बालाघाटात मर्यादित राहिली. तिच्या मागणीचा पाया कामगार आणि मुकादम यांना वेगळे मोजण्यात होता, आणि गावातले सगळे व्यवहार मुकादमाभोवती फिरत होते. तिचा युक्तिवाद मात्र टिकला. पुढे शासन आणि न्यायालयांतली चर्चा त्याच दिशेने गेली.

मुंड्यांनंतर

मुंडे यांच्या मृत्यूनंतर लवादाची जागा त्यांच्या कन्या पंकजा मुंडे यांच्याकडे आली. साखर संघाच्या बाजूने जयंत पाटील होते. त्याच वेळी परळीतच दुसरे केंद्र तयार झाले होते. गोपीनाथ मुंडे यांचे पुतणे धनंजय मुंडे राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये होते आणि 2019 मध्ये त्यांनी परळी विधानसभा मतदारसंघात पंकजा यांचा पराभव केला. आष्टीचे सुरेश धस, माजी आमदार केशवराव आंधळे यांच्यासारखे नेतेही आपापल्या संघटनांसह मैदानात होते. एका नेत्याच्या शब्दावर चालणारी चळवळ अनेक शब्दांत विभागली गेली. भगवानगडावरच्या राजकीय भाषणांना गडाच्या महंतांनी मनाई केल्यावर दसरा मेळावा आधी गडाच्या पायथ्याशी आणि मग भगवानबाबांच्या जन्मगावी, पाटोदा तालुक्यातल्या सावरगावला भरू लागला.

2020 चे वर्ष या इतिहासात दोनदा येते. एप्रिलमध्ये टाळेबंदी असताना कामगार ऊसपट्ट्यातच अडकले. कारखान्यांच्या तळांवर राहिलेल्या सुमारे 1 लाख 31 हजार लोकांना घरी परतू देण्याचा निर्णय राज्य सरकारला खास आदेश काढून घ्यावा लागला. या लोकांची यादी करण्याची वेळ आली तेव्हा ते कुणाच्याच नोंदीत नीट नव्हते, हे सगळ्यांना दिसले. त्याच वर्षी हंगामाआधी दरवाढीसाठी कोयता बंदची हाक दिली गेली. 27 ऑक्टोबर 2020 रोजी पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेत शरद पवार यांच्या उपस्थितीत बैठक झाली आणि 14 टक्के वाढ ठरली. टनाला 239 रुपयांचा दर 273 रुपयांवर गेला. काही संघटनांनी ही वाढ तुटपुंजी ठरवली, पण गाड्या निघाल्या.

हा करार संपल्यावर पुन्हा तीच आवर्तने झाली. जानेवारी 2024 मध्ये, हंगाम सुरू असताना, 34 टक्के वाढ जाहीर झाली. दर 366 रुपये झाला आणि मुकादमाचे कमिशन 19 वरून 20 टक्क्यांवर गेले. टक्केवारीत पाहता ही अलीकडची सर्वांत मोठी वाढ होती.

फडातल्या बायका

या साऱ्या वाटाघाटींत अर्धा कामगार कुठे दिसत नव्हता. कोयता म्हणजे जोडी. मजुरी जोडीची आणि पैसे पुरुषाच्या हातात. सभेत पुरुष, बैठकीत पुरुष, वहीत पुरुषाचे नाव. मोळी वाहणारी, स्वयंपाक करणारी, लेकरू फडाच्या बांधावर ठेवून काम करणारी बाई संघटनेच्या मागण्यांत उशिरा आली.

2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात सर्वेक्षण झालेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक. कारणे एकात एक गुंतलेली होती. कोपीजवळ पाणी आणि संडास नाही. पाळीत किंवा आजारपणात खाडा केला तर दंड कापला जातो. लहान वयात लग्न आणि बाळंतपणे. वर दुखण्यावर कायमचा उपाय म्हणून शस्त्रक्रियेचाच सल्ला. हंगामाला निघण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी, अशा शिफारशी समितीने केल्या. यानंतर स्त्री ऊसतोड कामगारांचे स्वतंत्र गट आणि संघटना जिल्ह्यात काम करू लागल्या. स्त्रीची नोंद स्वतंत्र कामगार म्हणून व्हावी, ही त्यांची मागणी दरवाढीच्या भाषेत मावणारी नव्हती. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेऊन सुनावणी सुरू केली.

महामंडळ

मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी मंडळ काढण्याच्या घोषणा 2014 नंतर सुरू झाल्या. प्रत्यक्षात ते धनंजय मुंडे सामाजिक न्यायमंत्री असताना आकाराला आले. आधी कामगार खात्याकडे असलेला हा विषय सामाजिक न्याय खात्याकडे वर्ग झाला आणि 3 एप्रिल 2022 रोजी पुण्यात लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या कार्यालयाचे उद्घाटन झाले. गाळप होणाऱ्या उसावर कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचे आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, अशी निधीची व्यवस्था ठरली. कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रे, तसेच 41 तालुक्यांत मुलामुलींसाठी प्रत्येकी एक अशी भगवानबाबांच्या नावाची 82 वसतिगृहे यांचा आराखडा झाला.

वसतिगृहाचे महत्त्व आकड्याहून मोठे आहे. आईवडील फडात गेल्यावर मूल एक तर शाळा सोडून सोबत जाते किंवा आजी-आजोबांकडे राहते. सोबत गेलेले मूल दोन-चार वर्षांत मोळी उचलू लागते आणि लवकर लग्न होऊन नवा कोयता तयार होतो. ही साखळी तोडण्याचे साधन वसतिगृह आहे, शंभर रुपयांची दरवाढ नव्हे.

मात्र माथाडी मंडळ आणि हे महामंडळ यांत मूलभूत फरक राहिला. माथाडी मंडळ मजुरी स्वतः गोळा करून कामगाराला देते. मुकादमाची वही त्याने निकालात काढली. ऊसतोड महामंडळ कल्याणाच्या योजना देते. मजुरी, उचल आणि हिशेब जिथे होते तिथेच आहेत. विषय कामगार खात्यातून सामाजिक न्याय खात्यात जाण्याचा अर्थही तोच: राज्याने या माणसांना आधी वंचित म्हणून ओळखले, कामगार म्हणून नाही.

हाती काय आले

चार दशकांच्या लढ्याने ऊसतोड कामगारांना ठोस काही मिळवून दिले. मजुरी राज्यभर एका दराने ठरू लागली आणि ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली. बीडसारख्या जिल्ह्यातून राज्याच्या आणि देशाच्या राजकारणात पहिल्या फळीचे नेते आले. ऊसतोड हा शब्द विधिमंडळाच्या कामकाजात कायमचा आला.

पण दरवाढ म्हणजे सुटका नव्हे, हे साध्या हिशेबाने कळते. एका कोयत्याने 1 लाख रुपये उचल घेतली असे धरू. 366 रुपये टनाने ती फेडायला 273 टन ऊस तोडावा लागतो. जोडीने दिवसाला दोन टन तोडले, एकही खाडा केला नाही, तरी त्याला 137 दिवस लागतात. पाऊस कमी पडून ऊस घटला की हंगाम त्याच्या आतच आटोपतो. हंगाम संपून पट्टा पडतो तेव्हा वहीत बाकी निघते आणि ती पुढच्या वर्षावर फिरते. दर वाढतो तशी उचलही वाढते, कारण घरचा खर्च वाढलेला असतो आणि टोळी धरून ठेवण्यासाठी कारखाने आणि मुकादम जास्त आगाऊ देतात. इकडे मुकादमही सुटत नाही. उचल घेऊन कोयता पळाला तर कारखान्याचे देणे त्याच्या अंगावर येते आणि मग वसुलीसाठी मारहाण, डांबून ठेवणे असे गुन्हे घडतात.

आता ऊसतोडणी यंत्रे फडात उतरू लागली आहेत आणि त्यांच्या खरेदीला सरकारी अनुदान मिळते. लहान तुकड्यांच्या, चढउताराच्या शेतात यंत्र चालत नाही, म्हणून माणसाची गरज लगेच संपणार नाही. पण हंगामाच्या तोंडावर कोयता खाली ठेवण्याची ताकद यंत्रागणिक कमी होणार आहे. त्या ताकदीवर दर मिळवता आला. नोंद, थेट मजुरी आणि हिशेब मागण्याचा हक्क या गोष्टी मात्र दोन नेत्यांच्या एका बैठकीत मिळणाऱ्या नाहीत; त्यासाठी कायदा लागतो आणि तो राबवून घेणारी, सभासदांच्या यादीवर उभी असलेली संघटना लागते. ढाकणे आणि मुंडे यांच्या पिढीने लढ्याचा पहिला भाग जिंकला, दुसरा अजून मांडणीच्या पातळीवर आहे.